रांजणगावची जीप आणि परक्या करदात्याचे कर्ज

१/
जून २०१७. पुणे–नगर रस्त्यावरील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, शिरूर तालुक्यात, जीप कंपास या गाडीचे उत्पादन सुरू झाले. जीप हे नाव ज्या क्रायस्लर कंपनीकडून आले, ती अमेरिकी कंपनी आधीच्या चाळीस वर्षांत दोनदा बुडण्याच्या काठावर गेली होती. दोन्ही वेळा तिला अमेरिकी सरकारच्या तिजोरीने तारले. पहिल्यांदा कर्जाला हमी देऊन, दुसऱ्यांदा थेट कर्ज देऊन. दोन्ही वेळा तिथल्या जनतेत कडाक्याचा वाद झाला.

२/
खासगी कारखाना बुडू लागला, तर लोकांच्या पैशातून त्याला कर्ज द्यावे का? यावर सामान्य माणसाचे मत कशाने ठरते? अर्थशास्त्राने, पक्षनिष्ठेने, की आणखी कशाने? उत्तर शोधायला डेट्रॉइटला जावेच लागते. पण सुरुवात शिरूर आणि दौंडपासून करणे योग्य ठरेल, कारण याच प्रश्नाचे एक जुने रूप या मुलखाने दीडशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. तेव्हा बुडणारा कारखानदार नव्हता, शेतकरी होता.

३/
डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातील करडे गावात एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध न्यायालयाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गाव खवळले. सावकारांवर बहिष्कार पडला. न्हावी, पाणक्या, घरगडी यांनी त्यांची कामे सोडली. हे लोण आसपासच्या गावांत पसरले. ज्याला इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात, त्याची पहिली ठिणगी ही.

४/
१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, भर बाजारच्या दिवशी, सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर जमाव चालून गेला. आजच्या दौंड तालुक्याचा मुलूख तेव्हा भीमथडीतच मोडत असे. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावे पेटली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की जमावाचा रोख बहुतेक ठिकाणी माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे मागून घ्यायचे आणि जाळायचे.

५/
या कर्जबाजारीपणातही अमेरिकेचा हात होता. तिथल्या यादवी युद्धामुळे मुंबई इलाख्यात कापसाची मोठी तेजी आली आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे वाटली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्यातच शेतसारा वाढवण्यात आला. तेजीत उचललेले कर्ज मंदीत फेडायची पाळी आली. नुकसान मात्र एकाच्याच पदरात पडले. सावकाराचा रोखा न्यायालयात जसाच्या तसा उभा राहत होता, शेतकऱ्याची जमीन आणि घर जात होते. राग कर्ज घेण्यावर नव्हता, या एकतर्फी वाटणीवर होता.

६/
सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायालयांना रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याची आणि व्याज कमी करण्याची मुभा दिली. पुढे १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी सरकारी तगाई कर्जाची चौकट ठरली. व्याज सावकाराहून कमी होते, तरीही शेतकऱ्यांची तिच्यावर उडी पडली नाही. कागदपत्रे आणि हेलपाटे फार, हप्ता ठरल्या दिवशी हवा, आणि चुकला तर शेतसाऱ्यासारखी सक्तीची वसुली. सावकार महाग होता, पण थांबत असे.

७/
याच काळात पुण्यात एक वेगळी योजना पुढे आली. विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी शेतकी बँकेची कल्पना मांडली. पुरंदर तालुक्यात प्रयोग करायचा, जुनी कर्जे तडजोडीने मिटवायची, त्यासाठी आरंभी सरकारने रक्कम द्यायची आणि पुढे बँकेने रास्त व्याजाने कर्ज पुरवायचे. या रचनेत सावकार काही सोडणार होता, सरकार जोखीम घेणार होते आणि शेतकरी फेडणार होता. भारत सरकारने अनुकूलता दाखवली. लंडनने प्रस्ताव फेटाळला. ज्यांच्या नशिबाचा प्रश्न होता, त्यांना विचारण्याची रीत तेव्हा नव्हतीच.

८/
आता मोटारींकडे. १९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना आखली. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने भांडवलावरील परताव्याला हमी देण्याची तयारी दाखवली. १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती हमी हवेत विरली. योजना पुढे नेणारे उद्योगपती वालचंद हिराचंद (दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर त्यांचेच) यांनाही ब्रिटिश सरकारकडून हवे ते साहाय्य मिळाले नाही.

९/
तरीही १९४४ मध्ये वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जुळवल्या गेल्या आणि पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटच्या गाड्या बनू लागल्या. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी याच घराण्यातली. म्हणजे क्रायस्लर आणि फियाट ही दोन नावे जगात एका मालकीखाली येण्याच्या अर्धशतक आधी कुर्ल्यात एका छपराखाली आली होती.

१०/
१९७९. इंधनाचे भाव भडकले, अमेरिकी ग्राहक लहान जपानी गाड्यांकडे वळला आणि क्रायस्लरचा तोटा वाढत गेला. कंपनीचे प्रमुख ली आयाकोका सरकारकडे गेले. सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष विल्यम प्रॉक्समायर यांचा कडवा विरोध होता. आज हिला वाचवले, तर उद्या कोणाला नाही म्हणणार, हा त्यांच्या बाजूचा प्रश्न. नफा मालकांचा आणि तोटा जनतेचा, अशी ही बाजारपेठ कसली, हा दुसरा. १९७१ मध्ये लॉकहीड या विमान कंपनीला दिलेली हमी सिनेटमध्ये अवघ्या एका मताने मंजूर झाली होती. तो वाद अजून ताजा होता.

११/
७ जानेवारी १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जहमीच्या कायद्यावर सही केली. कायद्याचा खरा गाभा रकमेत नव्हता, अटींत होता. कामगार, बँका, पुरवठादार, विक्रेते या सर्वांनी आधी काहीतरी सोडायचे, मग सरकारची हमी मिळायची. कामगारांनी वेतनात कपात घेतली. बँकांनी आपली येणी लांबवली. आयाकोकांनी वर्षाला एक डॉलर पगार घेण्याचे जाहीर केले. कामगार संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर कंपनीच्या संचालक मंडळावर गेले.

१२/
१९८३ मध्ये क्रायस्लरने हमीतले कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फेडले. हमीच्या बदल्यात सरकारला कंपनीचे समभाग ठरल्या भावाने घेण्याचे हक्क मिळाले होते. ते विकून तिजोरीत सुमारे ३१ कोटी डॉलर आले. आयाकोका लोकनायक झाले. या यशाची एक सावलीही होती. कंपनी वाचली, पण कित्येक कारखाने बंद पडले आणि हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. परतफेडीचा समारंभ सर्वांनी पाहिला. गेलेल्या नोकऱ्यांचा हिशेब मात्र ज्याच्या त्याच्या घरी राहिला.

१३/
१९८७ मध्ये क्रायस्लरने अमेरिकन मोटर्स ही कंपनी विकत घेतली आणि तिच्यासोबत जीप हे नाव क्रायस्लरकडे आले. पहिल्या वेळी सरकार पाठीशी उभे राहिले नसते, तर ही खरेदी झालीच नसती. शिरूर तालुक्यापर्यंत पोचणाऱ्या साखळीतला हा एक दुवा.

१४/
२००८. पुन्हा महाग इंधन, न विकल्या जाणाऱ्या मोठ्या गाड्या, आणि सप्टेंबरपासून गोठलेला कर्जबाजार. नोव्हेंबरमध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांचे प्रमुख मदत मागायला वॉशिंग्टनला आले. तिघेही खासगी विमानांनी. संसद सदस्यांनी भर सुनावणीत त्यांना याबद्दल धारेवर धरले. अब्जावधींच्या आकड्यांपुढे विमानाचा खर्च किरकोळ होता. पण लोकांना ताळेबंद वाचता येत नाही, विमान दिसते. मागणाऱ्याने स्वतः काय सोडले, या प्रश्नाचे उत्तर त्या विमानांनी परस्पर दिले होते. डिसेंबरमध्ये तिघे पुन्हा आले, ते मोटारीने.

१५/
डिसेंबर २००८ मधील सीएनएनच्या पाहणीत दहापैकी सहाजण मदतीच्या विरोधात होते. विरोधाची कारणे हलकी नव्हती. कंपन्यांनी स्वतःच्या चुका स्वतः निस्तराव्यात. ज्या लहान दुकानदाराला कोणी वाचवत नाही, त्याने मोठ्यांसाठी कर का भरावा. दिवाळखोरीचा कायदा असताना खास मार्ग कशाला? पाठिंबा देणाऱ्यांचे उत्तर असे, की खासगी बँकाच गारठलेल्या असताना दिवाळखोरीतून उठायला पैसा कोण देणार? आणि एक मोठी कंपनी कोसळली, तर सुट्या भागांचे पुरवठादार कोसळतील आणि धडधाकट कंपन्याही अडकतील.

१६/
१० डिसेंबरला प्रतिनिधीगृहाने मदतीचे विधेयक २३७ विरुद्ध १७० मतांनी मंजूर केले. दुसऱ्या दिवशी ते सिनेटमध्ये अडले. ६० मते हवी होती, ५२ मिळाली. अखेर १९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी बँकांसाठी राखलेल्या निधीतून १७.४ अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले. बाजारावर श्रद्धा असलेल्या पक्षाच्या अध्यक्षाने, संसदेची मंजुरी मिळाली नसताना, बहुसंख्य लोकांना नको असलेला निर्णय घेतला. फोर्डने हे कर्ज घेतले नाही.

१७/
पुढचा भाग बराक ओबामा यांच्या काळातला. ३० एप्रिल २००९ रोजी क्रायस्लर दिवाळखोरीत गेली. यावेळीही अनेकांना सोडावे लागले. तारण असलेल्या धनकोंना डॉलरमागे सुमारे २९ सेंट मिळाले. इंडियाना राज्यातील शिक्षक आणि पोलिसांचे निवृत्तिवेतन निधी याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि थांबले. शेकडो विक्रेत्यांचे परवाने रद्द झाले. नव्या कामगारांना जुन्यांच्या निम्म्याच्या आसपास वेतन मिळू लागले. त्याग झाला, पण तो वाटला कसा, यावरून भांडण उरले.

१८/
१० जून २००९ रोजी नवी क्रायस्लर उभी राहिली. तिच्यात फियाटला आरंभी २० टक्के वाटा मिळाला. रोख पैशाच्या बदल्यात नव्हे, तर लहान गाड्यांचे तंत्र आणि व्यवस्थापन यांच्या बदल्यात. त्याच महिन्यात रांजणगावात तयार होणारी फियाटची ग्रांदे पुंतो भारतीय बाजारात आली. टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतल्या या कारखान्याचा अमेरिकेतल्या दिवाळखोरी न्यायालयाशी काही संबंध आहे, असे तेव्हा तिथल्या कोणालाही वाटण्याचे कारण नव्हते.

१९/
लोकमत नंतर फिरले. प्यू संशोधन केंद्राच्या ऑक्टोबर २००९ मधील पाहणीत ५४ टक्के लोकांना ही कर्जे अर्थव्यवस्थेला वाईट वाटत होती आणि ३७ टक्क्यांना चांगली. फेब्रुवारी २०१२ मध्ये ५६ टक्के चांगली म्हणत होते आणि ३८ टक्के वाईट. मधल्या काळात अर्थशास्त्र बदलले नव्हते. मे २०११ मध्ये क्रायस्लरने आपले कर्ज मुदतीआधी चुकते केले होते आणि कारखान्यांत पुन्हा भरती सुरू झाली होती. डेट्रॉइटला दिवाळखोरीत जाऊ द्यावे, असा लेख लिहिणारे मिट रॉम्नी २०१२ च्या निवडणुकीत मिशिगन आणि ओहायो ही दोन्ही मोटार राज्ये हरले.

२०/
तरीही पूर्ण हिशेब तोट्याचाच होता. जुन्या क्रायस्लरला दिलेले सगळे पैसे परत आले नाहीत. अमेरिकी तिजोरीला तिच्यापायी सुमारे १.३ अब्ज डॉलर आणि जनरल मोटर्सपायी सुमारे ११ अब्ज डॉलर सोडावे लागले. मग मत का फिरले? १९८३ चीच गोष्ट थोड्या फरकाने पुन्हा घडली. लोकांनी शेवटच्या आकड्यापेक्षा तीन गोष्टी पाहिल्या: मागणाऱ्याने काही सोडले का, घेतलेले परत देताना तो दिसला का, आणि कारखान्याच्या दारात पुन्हा माणसे दिसू लागली का.

२१/
जानेवारी २०१४ मध्ये फियाटने क्रायस्लर पूर्ण ताब्यात घेतली. दोन्ही मिळून झालेल्या कंपनीने २०१५ मध्ये रांजणगावसाठी २८ कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. २०१७ मध्ये तिथे जीप कंपास बनू लागली आणि उजव्या हाताच्या चालकाच्या देशांत, म्हणजे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान येथे, निर्यात होऊ लागली. टाटांची नेक्सॉनही त्याच कारखान्यातली. अमेरिकी करदात्याने सोसलेल्या तोट्याचा एक लहानसा लाभांश शिरूर तालुक्याला मिळाला. त्या करदात्याने कौल देताना रांजणगावचे नावही ऐकले नव्हते.

२२/
याची दुसरी बाजू पुणे जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला आहे. सप्टेंबर २००८ मध्ये, मातृकंपनी बुडण्याच्या बेतात असताना, जनरल मोटर्सचा कारखाना मावळ तालुक्यात तळेगावला सुरू झाला. कंपनी सरकारी पैशावर वाचली, नफ्यात आली. पण २०१७ च्या अखेरीस तिने भारतातली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद केले. हजाराहून अधिक कामगारांचा लढा रस्त्यावर आणि न्यायालयात गेला. पुढे २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला.

२३/
एकाच मदतीच्या या दोन टोकांना दोन कारखाने. रांजणगावला लाभ झाला, तळेगावला टाळे लागले. आणि दोन्ही ठिकाणच्या माणसांना मत विचारले गेले नव्हते. यात अन्याय शोधण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या जनतेने पैसा दिला, तिला तो आपल्या गावच्या नोकऱ्यांसाठी द्यायचा होता, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. सार्वजनिक कर्जाची नैतिक हद्द मतदारसंघापाशी संपते. परिणामांना मात्र हद्द नसते. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, त्याची झळ भीमथडीला लागली, तशीच.

२४/
आता शेवटचा मुक्काम घराजवळ. दौंड तालुक्यात पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना आणि शिरूर तालुक्यात न्हावऱ्याचा घोडगंगा सहकारी साखर कारखाना. दोन्ही शेतकरी सभासदांच्या मालकीचे आणि दोन्ही अलीकडच्या काळात काही हंगाम बंद पडलेले; भीमा पुढे भाडेतत्त्वावर चालवायला दिला गेला. सहकारी साखर कारखान्यांना सरकारी भागभांडवल आणि कर्जाला सरकारी हमी, ही महाराष्ट्राची अनेक दशकांची रीत आहे. म्हणजे क्रायस्लरचा प्रश्न इथे परका नाही. फरक इतकाच, की इथे कर्ज मागणाऱ्या संस्थेचा मालक, तिला ऊस घालून बिलाची वाट पाहणारा आणि कर भरणारा बहुधा एकच माणूस असतो.

२५/
म्हणूनच इथले मत ‘हमी द्या’ आणि ‘देऊ नका’ एवढ्या दोन खणांत बसत नाही. ज्याचे बिल थकले, त्याला कारखाना चालू हवा असतो. ज्या कामगाराचा पगार थकला, त्यालाही. पण आधीच्या कर्जाचे काय झाले, हेही दोघांनाच विचारायचे असते. हा गोंधळ नव्हे. १९८० च्या अमेरिकी कायद्याने हाच विचार अटींच्या रूपात लिहून काढला होता. आणि पुरंदरच्या शेतकी बँकेच्या योजनेत त्याच्याही शंभर वर्षे आधी तो बीजरूपाने होता.

२६/
करडे ते डेट्रॉइट या प्रवासातून हाती येते ते एवढे. बुडत्याला सरकारी कर्ज द्यावे की नाही, याचे सर्वकाळ लागू पडणारे उत्तर इतिहासाजवळ नाही. पण अशा कर्जाची चर्चा पुढच्या वेळी वार्षिक सभेत, विधानसभेत किंवा चहाच्या टपरीवर निघेल, तेव्हा विचारायचे प्रश्न त्याच्याजवळ आहेत. कोणी किती सोडले? परतफेड कोणाला आणि केव्हा दिसणार? निर्णयाची झळ ज्यांना लागणार, त्यांपैकी कोणाला विचारलेच गेले नाही? करडे आणि सुपे येथे हे प्रश्न वेळेवर कोणी विचारले नाहीत. म्हणून तिथल्या लोकांनी कागद जाळले.